खुर्चीचं बूड

“पात भिजली की मागं वळून बघू नकोस. ओली आहे तोवर तुझी, वाळली की वाऱ्याची. आणि एकदा वाळलेली पुन्हा पुन्हा भिजवलीस, तर शिळ्या रागासारखी हातातच कुजेल.”

मावशी हे सांगायची तेव्हा तिची नजर कामावरून हलत नसे. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण पाण्यात पात सोडली की अजूनही तिचा आवाज कानाशी येऊन बसायचा.

मावशीची ही भाची लग्न होऊन या घरात आली, ती हा नाद सोबत घेऊनच. तळ्याकाठच्या पाणकणसाची लांब पाती कापायची, सावलीत वाळवायची, लागतील तेव्हा ओली करून पोत्यात गुंडाळायची आणि मऊ पडली की दोन दोन पाती एकत्र पिळून त्यांचं काहीबाही विणायचं. टोपली, चटई, हंड्याखाली ठेवायची चुंबळ. सासूनं पहिल्याच वर्षी तिचं नाव ठेवलं, सुगरण. आल्यागेल्याला म्हणायची, “सुगरण सून मिळाली म्हणून हरखले होते मी. मला वाटलं स्वयंपाकाची असेल. ही निघाली झाडाला घरटी टांगणारी!” लोक हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

नाद करायला रिकामा वेळ लागतो. या घरात रिकामं असं काही राहायचंच नाही. वेळ सोडाच, कोपरासुद्धा नाही. चार गुरं, उताराची जमीन, दोन लेकरं, सासू आणि नवरा. तरी तिनं एक नेम धरला होता. दुपारची भांडी घासून झाली की गोठ्याच्या दाराशी बसायचं आणि एक तरी पीळ घालायचा. जास्त नाही, एकच. पण नेम धरणं आपल्या हाती असतं, पाळू देणं घराच्या. सात दुपारींतल्या पाच मोडायच्या. मग संध्याकाळी हात जोडताना तिला वाटायचं, देवा, तुझ्यापुढं मी रोज उभी राहते, माझ्या स्वतःच्या हातांपुढं मात्र उभी राहू शकत नाही.

गोठ्याच्या खुंटीवर सुईणआजीची खुर्ची टांगलेली होती. खुर्ची कसली, बुडाची वीण गेलेला सांगाडाच. बुटकी, रुंद, चारी पाय दणकट. सुईणआजीच्या सुतार नवऱ्यानं ती तिच्या कामासाठी बेतून केली होती. बाळंतिणीसमोर तासन् तास बसायचं तर जमिनीवर बसून कंबर धरते आणि उंच खुर्चीवरून हात पोचत नाहीत. आजी ती डोक्यावर घेऊनच घरोघर जायची. खुर्ची गल्लीतून चालली की पुरुष बाजूला व्हायचे आणि बायका आकाशाकडे बघून हात जोडायच्या.

या घरातली थोरली पोर सरळ आली. धाकटा मात्र आडवा आला. त्या वेळी सुगरणीनं समोरच्या खुर्चीची कड अशी आवळली की जुनी वीण कराकरा फाटत गेली. पोर रडलं आणि आजी त्याला घेऊन मागं टेकली, तेव्हा खुर्चीचं बूडच सुटलं. आजी पोरासकट त्या चौकटीत अडकली. दोघींना हसावं की रडावं कळेना. घामानं निथळत पडल्या पडल्या सुगरण म्हणाली होती, “आजी, तुमचं बूड मी विणून देईन.” आजी म्हणाली, “खुर्चीचं दे. माझं आता कुणाच्यानं व्हायचं नाही.”

तो धाकटा आता अंगणभर पळत होता, आणि खुर्ची अजून खुंटीलाच होती.

पहिल्यांदा तिनं पात भिजवली त्या दिवशी वासरू खड्ड्यात पडलं. दुसऱ्यांदा नवऱ्याची पाठ धरली आणि शेतातलं सगळं तिच्यावर आलं. तिसऱ्यांदा न कळवता पाहुणे टपकले आणि निघायचं नाव घेईनात. दर वेळी पोत्यात पात बुरसली आणि उकिरड्यावर गेली. आणि यंदा पाऊस उंबऱ्याशी येऊन परत गेलेल्या माणसासारखा वागला. तळ्याचा चिखल झाला, चिखलाच्या भेगा झाल्या, पाणकणसाचे खुंटसुद्धा गुरांनी खाऊन टाकले. आता आढ्याला बांधलेली एक जुडी तेवढी उरली होती.

त्या दिवशी ती हापशावर पाण्याला गेली, तर सुईणआजी रांगेच्या कडेला उपड्या बादलीवर बसली होती. एक पाय पुढं पसरलेला, गुडघ्याला फडकं बांधलेलं.

“काय गं सुगरण, माझी खुर्ची कुठवर आली?”

“घरीच आहे, आजी.”

“घरी आहे ते मला ठाऊक आहे. मोडली तेव्हा तुझ्याच घरी ठेवून आले मी. बूड कुठवर आलं, ते विचारतेय.”

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. सुगरण खाली बघून हंड्याचा काठ पुसत राहिली.

“विणते, आजी. थोडी उसंत मिळाली की…”

“उसंत माझ्याकडेच नाही गं बाई. परवा सकाळी भाचा टेम्पो घेऊन येतोय. इथलं पाणी संपलं आणि माझे गुडघेही. त्याच्या घरी गुळगुळीत फरशी आहे म्हणे. एकदा खाली बसले तर उठवायला चार माणसं लागतील.” आजी बादलीवरच जरा सरकून बसली. लोखंडाची कड मांडीला रुतत होती ते दिसत होतं. “तू नुसता सांगाडा आणून दे. त्यांच्या हातचा आहे. बसता नाही आलं तरी बघता येईल.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“परवा टेम्पो हलायच्या आत विणलेली खुर्ची तुमच्या दारात येईल,” सुगरण म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की पंप मारणारी बाई थांबली.

घरी आली तर नवरा विळ्याला धार लावत होता.

“उद्या सगळा चारा कापून घरात घ्यायचा,” तो मान वर न करता म्हणाला. “वरच्या वाडीची गुरं सुटलीत. काल रात्री शेजारच्याचं अर्धं रान साफ केलं. वाळलंय, हिरवं आहे, बघायचं नाही. कापायचं आणि बांधायचं.”

“उद्या मला दुपार हवी होती.”

“दुपार काय माझ्या खिशात आहे, काढून द्यायला?”

“अहो, सुईणआजी परवा निघाली. तिची खुर्ची…”

“एवढी वर्षं खुंटीवर होती तेव्हा काही नाही, आणि नेमकी उद्याच तिला पाय फुटले?”

“एवढी वर्षं मी बसून होते का?” तिचा आवाज चढला आणि तिनं तो लगेच गिळला. “बसायला मिळालं असतं तर केव्हाच झाली असती.”

नवऱ्यानं धारेवर अंगठा फिरवून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला समोरचं काम दिसायचं आणि त्याच्या पलीकडे भिंत असायची. “बरं,” तो म्हणाला. “सकाळी दोघं लागू. दुपारी तू बस आपल्या घरट्यात. मी ओढून आणतो गाडीवरून. झालं?”

“शब्द?”

“शब्द! आता काय लिहून देऊ?”

संध्याकाळी तिनं आढ्यावरची जुडी उतरवली. भाजी धुतलेलं आणि लेकरांचे हातपाय धुतलेलं पाणी तिनं दिवसभर साठवलं होतं. ते परातीत ओतून त्यात पाती फिरवली. कोरड्या पातीला पाणी लागलं आणि तळ्याचा जुना वास उठला. तिला क्षणभर बरं वाटलं.

“वा!” सासू दारात उभी होती. “गुरं जिभा बाहेर काढतायत आणि ही गवताला आंघोळ घालतेय.”

“धुवणाचं पाणी आहे, आई. गुरं पीत नाहीत ते.”

“तहान लागली की सगळं पितात. माणसंसुद्धा.” सासू पुढं आली, परातीत वाकून पाहिलं आणि आत गेली. सुगरणीनं पाती ओल्या पोत्यात गुंडाळली आणि गोठ्यात दावणीपासून दूर, खुर्चीच्या खाली ठेवली. उद्या दुपारी ती लोण्यासारखी होणार होती.

सकाळी उजाडताना दोघं शेतात होती. चारा गुडघ्याएवढाच वाढलेला, दांडे कडक. विळा ओढला की पकडीतून धूळ उडायची आणि नाकातोंडात बसायची. ती खालच्या बांधाकडून, तो वरच्या बाजूनं. थोडं ऊन चढेपर्यंत तिच्या मनगटावर पात्यांनी बारीक रेघा ओढल्या. घाम त्यात उतरला की चरचरायचं. ती थांबली नाही. दुपारकडे तोंड करून कापत होती. एक वाफा गेला की मनात खुर्चीचा एक कोपरा भरायचा. समोरच्या दोन कोपऱ्यांपासून सुरुवात करायची, पीळ नेहमी कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, मग आत आत येत मधली फट मिटवायची.

मध्येच वरून नवरा ओरडला, “सुतळी संपली गं! घरून घेऊन येतो. तू चालू ठेव.”

तिनं हात हलवला. वाकून राहिली तर कंबर सरळ होत नव्हती, सरळ झाली तर वाकवत नव्हती. खालचा बांध संपवूनच वर जायचं तिनं ठरवलं.

संपवून ती वर आली तेव्हा पेंढ्यांची रांग लागलेली होती. छान, घट्ट बांधलेल्या, एकसारख्या. तो शेवटची पेंढी गुडघ्याखाली दाबून गाठ मारत होता. बाजूला ओलं पोतं पसरलेलं, जवळजवळ रिकामं.

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं जवळच्या पेंढीकडे बघितलं. चाऱ्याच्या कंबरेभोवती तिची पात होती. लांब, निवडलेली, मऊ पडलेली. दोन दोन एकत्र पिळून वर करकचून गाठ मारलेली.

“काय झकास भिजवून ठेवलेलीस गं!” नवरा घाम पुसत म्हणाला. त्याचा चेहरा उजळलेला होता. “घरात सुतळी सापडेना, म्हटलं आता काय करायचं? बघतो तर गोठ्यात ही. सुतळीच्या थोबाडीत मारते. म्हटलं, बोलते एक पण काळजी असते हिला.”

ती उभी राहिली. पेंढ्या बांधायला गवत भिजवूनच ठेवतात. त्याच्या आईनं भिजवलं असेल, तिनंही कितीदा भिजवलं होतं. तो कौतुकानं बोलत होता. राग ठेवायला त्यानं जागासुद्धा सोडली नव्हती.

“ती खुर्चीची पात होती,” ती म्हणाली.

त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. “मग… खुर्चीची म्हणून तिच्यावर काय नाव घातलंय? गवतच तर दिसत होतं.”

ती खाली बसली आणि पहिल्या पेंढीची गाठ दातांनी सोडू लागली.

“अगं, काय करतेस?”

गाठ सुटली. पेंढी विस्कटली. पात जिथं पिळली होती तिथं चिरली होती. खालचा हातभर तुकडा धड होता. तिनं तो ओल्या पोत्यावर ठेवला आणि दुसऱ्या पेंढीकडे सरकली.

“अगं, सुटतंय सगळं! वारा आला तर उडून जाईल. डोकं फिरलंय का?”

शेजारच्या शेतातून हसण्याचा आवाज आला. तिथला शेतकरी कमरेवर हात ठेवून बघत होता. “काय रे, तू बांधतोस, ती सोडतेय! संध्याकाळपर्यंत एक तरी पेंढी घरी जाणार का? का दोघं मिळून नुसतीच गाठ सोडायचा खेळ खेळताय?”

नवऱ्याचे कान लाल झाले. तो तिच्यावर वाकून दबक्या आवाजात म्हणाला, “लग्न माझ्याशी केलंस का त्या खुर्चीशी?”

तिनं वर पाहिलं नाही. “खुर्ची निदान बसू तरी देते. तुमच्या घरात ना बसू देत, ना धड उभं राहू देत.”

“तुमच्या घरात?” तो म्हणाला.

तिला स्वतःलाच ते ऐकून चमकल्यासारखं झालं. पण हात थांबले नाहीत. जिथं सुटेना तिथं ती विळ्यानं गाठच कापत होती. तळहातावर पातीचे ओले हिरवट डाग आणि त्यात मनगटाचं रक्त. मग नवरा पायातली चप्पल आपटून शेजारच्या बांधाकडे चालू लागला. ज्या माणसानं खिदळून टिंगल केली होती त्याच्याचकडे. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तो मान खाली घालून काहीतरी मागत होता, शेजारी अजून हसत होता, आणि थोड्या वेळानं सुतळीचा गुंडा त्याच्या हातात आला.

परत येऊन त्यानं सुटलेल्या पेंढ्या पुन्हा बांधायला घेतल्या. ती सोडत गेली, तो बांधत गेला.

दुपार उलटल्यावर ती गोठ्याच्या दाराशी बसली. पोत्यात होतं ते बघून मावशीनं कपाळाला हात लावला असता. निम्मी पात चिरलेली, बाकीची आखूड. एवढ्यात चौकट भरणार नाही हे तिला मोजल्याशिवाय कळत होतं. तिनं आणलेल्या चाऱ्यातले सरळ बारीक दांडे निवडले, पिळाच्या पोटात घातले आणि वरून पात गुंडाळली. मावशीनं असं कधीच केलं नसतं. “वर पात, आत पात, खोटं नाही,” हे तिचं ब्रीद. सुगरणीनं मनातल्या मनात मावशीचे पाय धरले आणि पहिला कोपरा ओढून घेतला.

“आई, धाकट्यानं मातीत दूध सांडलं!” थोरली आली.

“पूस.”

“तो रडतोय.”

“रडू दे. घेऊन ये इकडं.”

धाकटा मांडीवर, पीळ हातात, शेवट पायाच्या अंगठ्यात धरलेला. दोन कोपरे भरले. सासूनं आतून हाक मारली, चूल विझलीय. ती उठली, चूल पेटवली, येईपर्यंत हातातल्या पातीचं टोक वाळून चरचरायला लागलं होतं. तिनं ते तोंडात धरून ओलं केलं. तिसरा कोपरा. गाय हंबरली; धारेची वेळ. ती उठली. परत आली. नवरा गाडी घेऊन आला, पेंढ्या उतरवायला एक हात कमी पडत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एकटाच उतरवू लागला. पण एक मोठी पेंढी त्याच्या पाठीवरून घसरली, पाठ धरल्यासारखा तो वाकला, आणि ती उठलीच.

दिवस कलला तेव्हा चौकटीच्या चारी कडा भरल्या होत्या. मधोमध मोठी फट उरलेली. अंगठ्याचं कातडं सोललं होतं. वीण एकसारखी नव्हती; जिथं दांडे जाड होते तिथं फुगवटा आला होता. तिनं तोंडातलं टोक थुंकलं आणि खुर्चीकडे पाहत बसली. आयुष्यात एकदा तरी एखादी गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत एका दमात करावी, एवढंच तिला हवं होतं. एवढंही नाही.

सासू कंदील घेऊन आली. खाली बसायला तिला वेळ लागला.

“त्या वेळी तुला मागून मीच धरलं होतं,” ती एकदम म्हणाली.

“कधी?”

“धाकट्याच्या वेळी. म्हटलं, माझा हात धर, मोडला तरी चालेल. तू माझा हात सोडलास आणि जाऊन खुर्ची धरलीस.” सासूनं फटीतून बोट घालून खालची बाजू चाचपली. “मला वाटलं, कशी मुलगी ही. माणसापेक्षा गवतावर भरवसा.”

सुगरणीनं चौकट कंदिलाच्या उजेडात सरकवली. “आतून भरायला लागेल. पोकळ राहिलं तर म्हातारी पुन्हा चौकटीत अडकेल,” एवढं म्हणून सासू कंदील तिथंच ठेवून उठली.

कंदिलाला तेल थोडंच होतं, आणि लेकरांची जेवणं व्हायची होती. सुगरणीनं उरलेली पात ओल्या पोत्यात गुंडाळून आत दाराशीच ठेवली आणि गोठ्याला कडी लावून वर स्वतःच्या ओढणीची गाठ मारली. आज तरी कुणाला पेंढी बांधायची दुर्बुद्धी नको व्हायला.

पहाटे ती उठली तेव्हा नवरा अंगणात तोंड धूत होता. तिनं पाहिलं, गोठ्याची कडी तशीच होती. पण ओढणीच्या गाठीवरून पाणी ठिबकत होतं. दाराच्या फटीतून आतल्या पोत्यावर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं होतं. अंगणात दाव्याशी बांधलेल्या गाईसमोरची बादली मात्र तेवढीच, तांब्याभर उणी होती.

“पोतं सुकलं असतं,” तो तोंड पुसत म्हणाला. तिच्याकडे न बघता. “आणि चारा अजून निम्मा उभा आहे, हे विसरू नकोस.”

“विसरत नाही.”

“मग येणार कधी?”

“बूड भरलं की.”

“आणि धार कोण काढणार?”

सुटलेल्या चिंध्या, पातीचे चुरे आणि खालून भरायला मूठभर भुसा तिनं पिशवीत घातला. ओलं पोतं खांद्यावर टाकलं. पाणी पाठीवरून ओघळलं तशी ती शहारली. मग डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं खुर्ची उलटी उचलली. चार पाय आकाशाकडे, मधली फट बरोबर तिच्या डोक्यावर. सुईणआजीच्या दारात बसून ती मिटवायची. टेम्पो आधी आला तर टेम्पोत बसून, फाट्यापर्यंत जाऊन मिटवायची. मग चालत परत यायचं.

अंगणाबाहेर पडली तशी मागं धाकटा जागा झाला. “आई” म्हणून त्यानं हंबरडा फोडला. गायीनं त्याला साथ दिली. सासू कुणावर तरी ओरडली, आणि नवऱ्याच्या हातातली बादली दगडावर आपटली.

सुगरणीनं खांद्यावरच्या पोत्याला हात लावून पाहिलं. ओलं होतं. तिनं मान सरळ धरली, खुर्ची सावरली, आणि मागं न वळता गल्लीच्या उताराला लागली.